माल जाड आलाय, मॅडम

मावसबहिणीच्या मुलीला दहावीला ८१ टक्के पडले आणि तिने पॉलिटेक्निकच्या अर्जात पहिली पसंती सिव्हिलला दिली. घरात गहजब. शेवटी सगळ्यांनी तिला माझ्याकडे ढकललं, मावशी समजावेल म्हणून. मावशीने काही समजावलं नाही. फोनवर अर्धा तास बोललो, तरी बरंचसं राहून गेलं, ते इथे लिहितेय.

मी साइटवर क्वालिटी बघते. अकरा वर्षं झाली, सगळी पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये. कार्डावर इंजिनिअर छापलंय, पण काम तंत्रज्ञाचं. मोजायचं, तपासायचं, लिहून ठेवायचं आणि चुकत असेल तर वेळेवर तोंड उघडायचं. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं डिप्लोमाच्या तीन वर्षांत शिकवतात.

माझे वडील, अण्णा, बार्शीत सेंट्रिंगचं काम करायचे, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू लावायचे. मी सिव्हिल घेतलं तेव्हा एवढंच म्हणाले, "म्हणजे शिकूनसुद्धा उन्हातच उभी राहणार." खरं निघालं.

पहिल्याच वर्षी मी एक घोळ घातला. प्रत्येक खोलीत फरशीच्या वर एक मीटरवर रेघ मारून ठेवतात. खिडकी, चौकट, विजेचे बोर्ड, सगळं त्या रेघेवरून मोजायचं. एका फ्लॅटमध्ये मी पाण्याच्या नळीने लेव्हल काढली आणि हॉलमधली रेघ मागच्या बेडरूमपेक्षा दोन सेंटीमीटर खाली गेली. कळलं कधी, तर फरशीवाला आल्यावर. तोवर दोन चौकटी बसून गेलेल्या. रात्री अण्णांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "नळी भरल्यावर दोन्ही तोंडं शेजारी धरून बघितली होतीस का?"

नव्हती बघितली. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की दोन टोकांचं पाणी एका पातळीला येत नाही, आणि बघणाऱ्याला मात्र दोन्हीकडे पाणी छान स्थिर दिसतं. म्हणून आधी दोन्ही टोकं चिकटवून धरायची, पाणी बरोबरीत आलं तरच पुढे जायचं. बार्शीतल्या कुठल्याही सेंट्रिंगवाल्याला हे माहीत असतं. मला सर्व्हेइंगला चांगले मार्क होते. चौकटी काढून परत बसवल्या. माझा पगार कापला नाही, पण सुतारमामांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं, ते जास्त लागलं.

आता पाण्याचं. ही नोकरी म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मला तो दिवस आठवतो.

स्लॅब चालू होता. दुपारचे साडेचार, मे महिना. काँक्रीटची गाडी भूमकर चौकातल्या गर्दीत अडकून आली, तेव्हा चलानावर लिहिलेल्या ड्रम भरल्याच्या वेळेला एक तास वीस मिनिटं उलटली होती. ड्रम भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. मुकादम अण्णांच्या वयाचे, मी त्यांना मामा म्हणायची. त्यांनी गाडीच्या पन्हळीत पडलेला माल बोटाने चिमटून बघितला आणि म्हणाले, "माल जाड आलाय, मॅडम. पाणी सोडा थोडं. दोन बादल्यांनी काय होतंय?"

मी स्लम्प घेतला, म्हणजे माल किती पातळ आहे ते मोजलं. तीस सेंटीमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू असतो. तो थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे द्यायचे, मग सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. आमच्या पंपाला १२० मिलिमीटर लागत होते. आले ७०. म्हणजे मामांचं बोट बरोबर होतं. उपाय चुकीचा होता.

त्या मालात घनमीटरला ३२० किलो सिमेंट आणि १४४ लिटर पाणी. पाणी भागिले सिमेंट केलं की ०.४५. गाडी सहा घनमीटरची. वीस लिटरच्या सहा बादल्या ओतल्या तर घनमीटरला वीस लिटर वाढले, आणि भागाकार गेला ०.५१ वर. मध्यम हवामानातल्या सळईच्या काँक्रीटला आयएस ४५६ ने, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाने, ०.५० ची मर्यादा घातली आहे. सहा बादल्या खूप वाटतात, पण ड्रममध्ये एकदा नळी सोडली की बादल्या कोण मोजतंय? हे जादाचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. ताकद कमी होते ती होतेच, शिवाय पावसाच्या पाण्याला सळईपर्यंत वाट मिळते. पाच-सात वर्षांनी छताचे पोपडे पडायला लागतात, तेव्हा शिव्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बसतात.

मी गाडी थांबवली. साइट इनचार्जचा फोन आला, "बघ काहीतरी, पण स्लॅब थांबता कामा नये." त्यांचंही खोटं नव्हतं. आधीचा माल घट्ट व्हायला लागला तर नवा त्याला नीट धरत नाही, जोड राहतो. काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटला फोन लावला. गाडीत ॲडमिक्श्चरचा, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणाऱ्या रसायनाचा, कॅन होता. प्लांटच्या माणसाने किती घालायचं ते सांगितलं, ड्रायव्हरने ड्रम जोरात फिरवला, मी परत शंकू भरला. १२५. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ पंधरा-वीस माणसं फावडी टेकवून माझ्याकडे बघत होती. मामा खाली बसून तंबाखू मळत होते. माझ्या पायात गोळे आले होते, आणि ते उन्हाने नव्हते.

त्या गाडीचे क्यूब भरले. पंधरा सेंटीमीटरचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून मशीनखाली फोडतात. एम २५ या ताकदीच्या काँक्रीटचा असेल तर ५६२ किलोन्यूटनच्या पुढे टिकायला हवा. तिन्ही टिकले. मामांना सांगायला गेले, तर ते दुसऱ्या साइटवर गेलेले.

क्यूबवर फार भाळू नये, हेही सांगून ठेवते. माझ्या पहिल्या नोकरीत क्यूबसाठी वेगळा माल कालवायचे, थोडं सिमेंट जास्त घालून. फाइल सोन्यासारखी. कॉलममध्ये काय गेलंय त्याचा फाइलशी संबंध नाही. मी सही करणार नाही म्हटलं, तर पंधरा दिवसांत मला स्टोअरला बसवलं. तिथे सळयांची वजनं करताना एक सूत्र डोक्यात पक्कं बसलं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. १२ मिलिमीटरची सळई ०.८९ किलो. ट्रक काट्यावर कमी भरला की लगेच कळतं. शिक्षा म्हणून दिलेली जागा होती, फुकट गेली नाही.

बाकी थोडक्यात. डिप्लोमा नाही जमला तर आयटीआयचा स्थापत्य आरेखक ट्रेड दोन वर्षांचा आहे, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमावरून तसंच डिग्रीला. सरकारी कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षाही डिप्लोमावर देता येतात, माझ्या वर्गातल्या दोघी तशाच लागल्या. पगार सुरुवातीला रडवतो. माझा पहिला नऊ हजार होता आणि त्यात खोलीभाडं साडेतीन.

पण मुलाखतीत बाईमाणसाने आधी विचारायचं ते संडासाचं. साइटवर बायकांसाठी वेगळा आहे का, त्याला आतून कडी आहे का, आणि तिथे पाणी येतं का. "आहे की" असं उत्तर आलं तर दाखवा म्हणायचं. दोन ठिकाणी मला दाखवायला कुणी उठलं नाही. तिथे मी गेले नाही.

आणि बूट स्वतःचे घेऊन ये. स्टोअरमध्ये सातच्या खालचा नंबर नसतो. मी पहिले चार महिने दोन-दोन मोजे घालून शिडी चढलेय.