तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला चिनी शाळेत का घातलंत?

परवा सोसायटीतल्या हळदीकुंकवाला पुन्हा तेच झालं. आधी ‘तिथं तुम्ही खात काय होतात?’, मग ‘मंडईत साप टांगलेले असतात म्हणे?’, आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, ‘पण मुलीला चिनी शाळेत का घातलंत हो?’ खाण्याचं उत्तर सोपं आहे. इथं खातो तेच खात होतो. फ्लॉवर, वांगी, कोथिंबीर कोपऱ्यावर ताजी मिळायची, तूरडाळ आणि हिंग शांघायहून यायचे, पोहे पुण्याहून. शाळेच्या प्रश्नाला मात्र चीनहून परत आल्यापासून मी दर वेळी वेगळं उत्तर देत आलेय. भाषेसाठी म्हणाले, फीमुळे म्हणाले, शाळा घराजवळ होती म्हणाले. तिन्ही उत्तरं खरी आहेत, पण पुरी नाहीत, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

फीचं आधी. परदेशी बदली म्हणजे घर, गाडी, शाळा सगळं कंपनी देते असं तुम्ही धरून चालता. आमचं तसं नव्हतं. २०१४ साली आम्ही शांघायजवळच्या सूझोऊला गेलो ते तिथल्या पगारावर. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ती पहिलीला पोचली, २०१८ साली, तेव्हा आंतरराष्ट्रीय शाळेची वर्षाची फी दोन लाख युआनच्या वर होती. म्हणजे तेव्हाचे वीस लाख रुपये. सरकारी शाळा इमारतीपासून सात मिनिटांवर होती आणि आमच्या राहण्याच्या परवान्यावर तिथं जागा मिळत होती. तुम्ही काय केलं असतं?

हे मी चिडून लिहितेय, कळतंय मला. कारण पैसे असते तरी मी बहुतेक तिथंच घातलं असतं. तेही सांगायला हवं.

समोरच्या दारातल्या बाई तिला सांभाळायच्या. तिकडे मावशीच्या वयाच्या बाईला ‘आयी’ म्हणतात. आमच्या मुलीला एक आई घरात आणि एक आयी समोर, आणि दोन्ही हाका तिच्या तोंडून जवळपास सारख्याच यायच्या. चौथ्या वर्षी ती जिन्यातल्या सगळ्यांशी सूझोऊच्या हेलात बोलायची. खाली खेळणारी सगळी मुलं त्याच शाळेत जाणार होती. तिला बसमध्ये बसवून तासभर लांब, दोन-तीन वर्षांनी बदली होऊन जाणाऱ्या मुलांमध्ये पाठवायचं माझ्या मनाला पटेना. आपण कुठंतरी पुरतं असावं, अर्धंमुर्धं नको, असं मला वाटायचं. मी स्वतः तिथं कायम दारात उभी असल्यासारखी राहिले होते. निदान तिनं तरी आत जावं.

पहिलीच्या पुस्तकातला पहिला धडा मला अजून पाठ आहे. तियेन, दी, रेन. नी, वो, ता. आकाश, पृथ्वी, माणूस. तू, मी, तो. सहा अक्षरं, एवढाच धडा. मी तिच्या शेजारी बसून ती गिरवली. पहिल्या सहामाहीत ३०० अक्षरं ओळखायची आणि १०० लिहायची, प्राथमिक शाळा संपेपर्यंत ३००० ओळखायची आणि २५०० लिहायची, असा तिथला हिशोब. मी दुसरीच्या मध्यावर मागे पडले. रोज शुद्धलेखनाची वही तपासून पालकांनी सही करायची असे. आधी मी तपासून सही करायची, नंतर नुसतीच सही. पालकांच्या गटावर बाईंचा निरोप आला की चाळीसेक घरांतून ओळीनं ‘शौदाओ’ यायचं, म्हणजे ‘मिळालं’. कधीकधी काय मिळालंय ते न कळताच मी ‘शौदाओ’ लिहायची आणि मुलगी शाळेतून आली की तिला विचारायची.

ती शाळा वाईट नव्हती. हे वाक्य इथं म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात की जणू मी काही कबूल केलंय. दिवसातून दोनदा वर्गात संगीत लागायचं आणि मुलं डोळे मिटून भुवयांपाशी, नाकाच्या मुळाशी दाबून डोळ्यांचा व्यायाम करायची. सूझोऊ दक्षिणेत मोडतं, त्यामुळे उत्तरेसारखी घराघरांत उष्णता पुरवणारी सोय तिकडे नसते. जानेवारीत मुलं जाड कोट घालूनच बाकावर बसायची. ऑक्टोबरमध्ये तिथल्या ओस्मॅन्थसची पिवळी बारीक फुलं फुलली की अख्खा रस्ता पिकलेल्या जर्दाळूसारखा दरवळायचा, आणि ती खिसे भरून ती फुलं घरी आणायची. पुण्यात आल्यावर पहिल्या ऑक्टोबरमध्ये तिनं विचारलं होतं, आई, इथं वास कधी येतो?

पाहुणे आले की तीच दुभाषी. २०१९च्या एप्रिलमध्ये माझे बाबा सोलापूरहून आले. बेजिंगला मूथियानयूपाशी चीनची भिंत बघितली, पायऱ्यांनी गुडघे दुखले, तरी त्यांचा खरा हट्ट एकच होता: शिज्याझुआंग. बेजिंगहून जेमतेम तास-सव्वा तासाची रेल्वे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी तिथंच वारले. त्यांची समाधी त्या शहरात आहे. बाबा लहानपणापासून ते नाव ऐकत आले होते. आम्ही गेलो तो छिंगमिंगचा सुमार, म्हणजे तिकडचे पितरांचे दिवस. शाळांच्या सहली आलेल्या. लाल गळपट्टा बांधलेली मुलं रांगेनं येऊन फुलं ठेवत होती. बाबांनी नातीला दगडावरचं नाव वाचायला सांगितलं. ख दी-हुआ, असं त्यांचं चिनी नाव. तिला तेव्हा तिसरंच अक्षर येत होतं, हुआ, चीन या अर्थाचं. पहिली दोन तिनं तिथल्या रखवालदाराला विचारून घेतली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ती माझ्या कानात म्हणाली, ‘मला कधी मिळणार तो लाल?’

तो लाल गळपट्टा बालवीरांच्या संघटनेचा. लाल झेंड्याचा एक कोपरा तो, असं मुलांना शिकवतात. तिच्या वर्गाचा समारंभ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला. परदेशी नागरिकाला सभासद होता येत नाही, असं बाईंनी मला आधीच हळुवारपणे सांगितलं होतं. मी तिला सांगितलं, पण तिनं ते ऐकलं नसावं. नावं पुकारली जात असताना ती शेवटपर्यंत ताठ उभी होती. त्या रात्री ती रडली, दोन दिवसांत विसरली, असं मी तेव्हा बाबांना फोनवर सांगितलं. विसरली नव्हती. तरी मला तेव्हा त्या शाळेचा राग आला नाही, आजही येत नाही. नियम होता. मला राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तो माझा मलाच आहे.

१५ जून २०२० ची रात्र तुम्हाला मी सांगायला नको. गलवानमध्ये आपले २० जवान गेले. आम्ही तेव्हा सूझोऊतच होतो. चीननं आपल्या बाजूचे किती गेले ते आठ महिने सांगितलं नाही. जिन्यात कुणी तो विषय काढला नाही, समोरच्या आयींनी त्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त वेळा बाओझी, म्हणजे सारणाचे वाफवलेले गोळे, आणून दिले, एवढंच. मग १९ फेब्रुवारी २०२१ ला, शुक्रवारी, तिथल्या लष्करी वृत्तपत्रानं चार नावं जाहीर केली. दुपारपर्यंत प्रत्येक फोनवर तेच. त्यातल्या एका कोवळ्या पोराचं वाक्य सगळीकडे फिरत होतं, की माझं निर्मळ प्रेम फक्त चीनसाठी. पालकांच्या गटावर मेणबत्त्यांची चित्रं ओळीनं येत गेली. मी ती बघत बसले. माझं बोट त्या चित्रावर ठेवायचं की नाही, हे मला ठरवता येईना. ठेवलं नाही.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. मुलगी तिसरीत. एका संध्याकाळी वर्गशिक्षिकांचा फोन आला. निरोप नाही, फोन. म्हणाल्या, उद्या दुपारच्या तासाला त्या जवानांवरचा व्हिडिओ दाखवायचाय, वरून आलंय, सगळ्या वर्गांत दाखवायचाय. थांबल्या. मग म्हणाल्या, मला तुम्हाला आधी सांगायचं होतं. तिला वाचनालयात बसवू का? की तुम्हाला काय वाटतं? त्या जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या असतील. आवाज कापत होता. हा फोन त्यांनी केला नसता तरी कुणी त्यांना काही म्हटलं नसतं.

मी काय म्हणायला हवं होतं ते आता मला दहा प्रकारे सुचतं. मी म्हटलं, उद्या ती येणार नाही, तिचं पोट दुखतंय. ताप म्हणाले नाही, कारण त्या दिवसांत ताप म्हटलं की इस्पितळाचा तपासणी अहवाल आणावा लागायचा. इतका विचार मला त्या अर्ध्या मिनिटात सुचला. ‘बरं,’ बाई म्हणाल्या, ‘काळजी घ्या तिची.’ त्यांना कळलं होतं.

मुलगी तिथंच टेबलाशी बसून अक्षरं लिहीत होती. तिनं वर बघितलं. ‘माझं पोट दुखत नाहीये,’ म्हणाली. मी म्हटलं, उद्या आपण बागेत जाऊ.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शिझिलिनला गेलो. सिंहवन. सूझोऊच्या जुन्या बागांपैकी ही मुलांची सगळ्यात लाडकी, कारण तिथं खडकांचा चक्रव्यूह आहे. खालून शिरायचं, भलतीकडेच वर निघायचं. इतर वेळी इतकी गर्दी की ढकलत जावं लागतं. त्या दिवशी आठवड्याचा मधला वार, बाग रिकामी. मेइहुआ फुलला होता, पानं नसलेल्या फांद्यांवर गुलाबी फुलं. ती खडकांतून पळत होती, वरून मला हाका मारत होती. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन वाजले. अडीच. आता लावला असेल व्हिडिओ.

चहाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या बाईनं तिला विचारलं, आज शाळा नाही का गं? आणि माझ्या मुलीनं, एका क्षणाचाही विचार न करता, पोटावर हात ठेवला, चेहरा जरा वाकडा केला आणि अस्खलित सांगितलं, ‘पोट दुखतंय, आयी.’ त्या बाईनं कळवळून तिला गरम पाणी दिलं. ती ते शहाण्यासारखी प्यायली.

तेव्हापासून कुणी मला ‘चिनी शाळेत का घातलंत’ म्हणालं की मला ती शाळा दिसतच नाही. तो हात दिसतो. तुम्ही घाबरता की तिथं तिला काय काय शिकवलं असेल. ते मी शिकवलं.

पुढच्या दिवशी ती शाळेत गेली. बाकावरच्या मैत्रिणीनं तिला सगळं सांगितलंच. घरी येऊन दप्तर न काढता ती माझ्यापुढे उभी राहिली. ‘ती म्हणाली, आमचे चार गेले. मी म्हटलं, आमचे वीस. तिला वीस माहीतच नव्हते.’ वीस हे तिला आजोबांकडून फोनवर कळलं होतं. मी विचारलं, मग? ‘मग काही नाही. ती गप्प बसली. मग तिनं मला तिचं खोडरबर दिलं.’ आणि थोड्या वेळानं: ‘तू मला का नाही जाऊ दिलंस? मी तिथं असते तर वर्गात सांगितलं असतं.’

यावर मी स्वतःशी अजून भांडते. ती नऊ वर्षांची होती. चाळीस मुलांसमोर उभं राहून नऊ वर्षांच्या मुलीनं वीसचा आकडा सांगावा, अशी अपेक्षा कुठली आई करेल? बाईंची नोकरी धोक्यात आली असती. आमचा परवाना दर वर्षी नवा करावा लागायचा. त्या वेळच्या मला हे सगळं पटलेलं होतं, आणि मी मूर्ख नव्हते. पण तीच मी, आंतरराष्ट्रीय शाळा नको, मुलीनं पुरतं आत जावं, असंही म्हणत होते. आत जायचं आणि नेमक्या त्या दिवशी बाहेर काढायचं, हे कसं? मुलीनं आत जायची किंमत स्वतः दिली असती, बहुतेक माझ्यापेक्षा बरी दिली असती. मला ते बघवलं नसतं, म्हणून मी बागेत नेलं. हे खरं कारण असेल. की मी आता स्वतःला जास्तच दोष देतेय? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, श्वेनझांगनं, म्हणजे त्या चिनी प्रवासी ह्युएनत्संगानं, आपल्या मराठी लोकांबद्दल चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही. तू दोन्ही एकाच दिवशी लक्षात ठेवायला बघत होतीस. मला ते उत्तर वाटलं नाही, पण मी वाद घातला नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात चौथी संपवून आम्ही परत आलो. इथं तिला देवनागरी पहिल्यापासून गिरवावी लागली, जोडाक्षरांशी अजून झटापट चालते. पहिल्या वर्षी मुलं तिला चिडवत. त्याबद्दल ती कमी बोलते. घरी आलेल्यांपैकी कुणी ‘मग तुला चीन आवडतो की भारत?’ विचारलं की मी विषय बदलते. म्हणजे मी अजून तेच करतेय.

वीचॅट हे निरोपांचं चिनी अ‍ॅप भारतात बंद आहे, त्यामुळे ती आणि बाकावरची मैत्रीण एकमेकींना मेल करतात. २०२५च्या ऑक्टोबरपासून थेट विमानं पुन्हा सुरू झालीयेत. मैत्रिणीनं विचारलंय, येतेस का, शिझिलिनला जाऊ. ती तासभर उत्तर लिहीत होती. मी मागून बघितलं. मला त्यातली तुरळकच अक्षरं वाचता आली. काय लिहिलंस, असं विचारलं तर म्हणाली, ‘त्या दिवसाचं.’

तिकिटं अजून काढलेली नाहीत.