तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीन टीने फॅटी लिव्हर जातं का?

नाही.

एवढ्यावर सुटका झाली असती तर बरं होतं. पण लगेच पुढचं येतं, "मग सगळे सांगतात ते उगीच?" आहारतज्ज्ञ म्हणून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

अगदी उगीच नाही. काही छोट्या अभ्यासांत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, थोडं उतरलेलं दिसलं. पण त्यातल्या बऱ्याच जणांना चहा नव्हे, चहाच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या. आणि लिव्हरच्या बाबतीत कॉफीचा पुरावा चहापेक्षा भक्कम आहे. हे सांगितलं की चहाबाज रुसतात. मीही चहाबाजच आहे.

गोळ्यांवरून माझा आवाज का चढतो, तेही सांगते. माझ्या बहिणीच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. ती चालायला लागली, गोड सोडलं, आणि मला न सांगता ग्रीन टीच्या कॅप्सूल सुरू केल्या. काही आठवड्यांत तिची भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली. डोळे पिवळे दिसले ते आधी आईला. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?" "एकही नाही." काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, तेव्हा त्यांनी पुन्हा खोदून विचारलं. "नाही हो, खरंच काही नाही." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, चहा होता! जुने रिपोर्ट शोधताना पर्समधून बाटली निघाली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

झाला का, तेही नक्की नाही. कॅप्सूल बंद केल्यावर एसजीपीटी हळूहळू उतरलं, पण डॉक्टरांनी कारणापुढे ‘संभाव्य’ असंच लिहिलं. बहीण अजून वाद घालते, मैत्रिणीने त्याच घेतल्या, तिला कसं काही झालं नाही? तिचा मुद्दा खोडता येत नाही. हा त्रास मोजक्यांनाच होतो आणि त्यात जनुकांचाही हात असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं की गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधला एक प्रमुख घटक) गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात. ग्रीन टी पिणाऱ्यांच्या पोटात कपांतून जातं ते सरासरी 90 ते 300.

आपल्या नेहमीच्या साखरेच्या चहाबद्दल पूर्वी मी सरसकट "आधी चहा बंद करा" म्हणायचे. चार कपांत दोन-दोन चमचे साखर म्हणजे 32 ते 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शक्यतो 25च्या आत राहावं. म्हणजे गुन्हा साखरेचा, शिक्षा चहाला. तरी तो सल्ला चुकीचा होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. चहाबरोबर साखर सुटायची, वजन उतरायचं. आणि 5 टक्के वजन उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, सूज ओसरायला 7 ते 10 टक्के लागतात. मग गुण कशाचा आला म्हणायचं?

हल्ली "ग्रीन टी चालेल का?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कपातून की गोळीतून? लोकांना वाटतं, ही उगाच फाटे फोडते. वाटू दे.