तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकच्या द्राक्षबागा, हरसूलचं जंगल आणि ग्रॅव्हल सायकल

"नाशिकला ग्रॅव्हल सायकल घेऊन येतोय. बागांमधून जंगलात शिरणारा एखादा रूट सांगा, जमलं तर फाइलच पाठवा." थंडी पडली की हा प्रश्न ठरलेला. ग्रॅव्हल सायकल म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची, रुंद टायरची सायकल. जीपीएसवर रूट दाखवणारी फाइल पाठवता येते, पण तिच्यावर पूर्ण विसंबू नका. मागच्या वर्षीचा मुरमाचा रस्ता यंदा डांबरी झालेला असतो आणि नोव्हेंबरात गुळगुळीत वाटणारी पाणंद जुलैत सायकल गिळते. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न उलटा असतो: कोणत्या महिन्यात येताय?

आधी मार्ग. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरसूल, वाघेरा घाट, धोंडेगाव, गिरणारे, गंगापूर धरणाचा परिसर आणि परत नाशिक. फेरी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. मुख्य रस्ता डांबरी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. ग्रॅव्हल (कच्ची वाट) मिळते ती फाट्यांवर: काश्यपी धरणाच्या आजूबाजूला, पाड्यांना जोडणाऱ्या वाटांवर, गंगापूरच्या बॅकवॉटरकडे उतरणाऱ्या शिवरस्त्यांवर. बहुतेक जण गिरणाऱ्याकडून सुरुवात करतात. आम्ही त्र्यंबककडून करायला सांगतो. पहाटे त्र्यंबक रस्त्यावर गाड्या कमी असतात, हरसूलकडे उतरून वाघेऱ्याचा चढ ऊन तापायच्या आत संपतो, सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला जात असल्याने सूर्य दोन्ही वेळा पाठीशी राहतो, आणि वायनरी शेवटी येतात. सुरुवातीलाच वाइनचं टेस्टिंग उरकून घाटाला लागणारे काय करतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दोन तारखा मात्र टाळा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याच्या आधीचे काही दिवस रस्ता दिंड्यांचा असतो आणि तो त्यांचाच असावा. दुसरे श्रावणी सोमवार.

आता माती, कारण सगळा खेळ तिचा आहे. हा सगळा बेसाल्टचा प्रदेश. बेसाल्ट अर्धवट कुजला की मुरूम होतो, पूर्ण कुजून सखल जागी साठला की काळी माती, आणि क्रशरमधून निघाला की खडी. मुरूम दबलेला असेल तर त्याच्यासारखा पृष्ठभाग नाही. पाणी झिरपतं, टायर धरतो. उतारावर मात्र वरचे सुटे खडे गोळ्यांसारखे घरंगळतात, तिथे पुढचा ब्रेक वळणाआधीच लावून सोडायचा, वळणात नाही. खडी नवीन टाकलेली असेल तर तिच्या धारा ताज्या असतात आणि त्या टायरच्या बाजूची भिंत कापतात. तो काप सीलंटने (टायरच्या आतलं, छोटी भोकं बुजवणारं द्रव) भरत नाही. जुन्या टायरचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा सोबत ठेवा, आतून लावून ट्यूब घातली की घरापर्यंत येता येतं.

काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि फुगली की चाकाला थरावर थर बसतो. शंभर-दोनशे मीटरमध्ये फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग) आणि टायरमधली फट भरते, चाक थांबतं. इथे माणसं जोर लावून पॅडल मारतात आणि चूक होते. चिखलाचा गोळा मागच्या डिरेलरला (चेन गिअरवरून सरकवणारा भाग) ओढून घेतो, त्याला फ्रेमशी धरणारा हँगर वाकतो किंवा तुटतो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि हरसूलच्या दुकानात तो मिळणार नाही, म्हणून एक सुटा हँगर आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) पिशवीत असू द्या. चाक अडलं की उतरा, सायकल उचला, काडीने माती काढा, गवताच्या कडेने चाला. दिंडोरी-निफाडकडच्या बागांत काळी माती जास्त खोल आहे, म्हणून अवकाळी पाऊस झाल्यावर तिकडे दोन दिवस फिरकू नका. पश्चिमेचा मुरूम अर्ध्या दिवसात वाळतो.

टायर ४० मिलिमीटरचं घ्या, त्याहून बारीक नको. ७५ किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय (हवेचा दाब) पुरते. ट्यूब असेल तर ६-७ वाढवा, नाहीतर खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात. सीलंट प्रत्येक चाकात ६० ते ८० मिलिलिटर. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी चाक कानाशी धरून हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर भरा.

आणि काटे. बागांना, शेतांना बाभळीच्या, बोरीच्या फांद्यांचं कुंपण असतं आणि त्यातल्या डहाळ्या वाटेवर येतात. ट्यूबवाल्यांचा नेहमीचा घोटाळा असा: पंक्चर झालं, ट्यूब बदलली, पाच मिनिटांत पुन्हा हवा गेली. बाभळीचा काटा मोडून टोक टायरच्या आत राहिलेलं असतं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे काटा.

गिअरचं गणित साधं आहे. पुढे ३० आणि मागे ३४ दात असतील तर मिनिटाला ६० पॅडलवर साधारण ताशी ७ किलोमीटर वेग पडतो. सुट्या मुरमाच्या चढाला एवढा हलका गिअर लागतोच, कारण तिथे उभं राहून पॅडल मारलं की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागीच फिरतं. बसून, पुढे झुकून, सावकाश.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जानेवारी ते मार्च द्राक्षं उतरवण्याचे दिवस, बागा तेव्हा बघण्यासारख्या असतात. पण अरुंद रस्त्यावर क्रेट भरलेले ट्रॅक्टर आणि पिकअप वळणावर समोर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) होते. त्यानंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते औषध काड्यांना लावतात. हे औषध अंगावर घेऊन दारू प्यायल्यास त्रास होतो, म्हणून त्या दिवसांत ओल्या काड्यांना हात लावत फोटो काढू नका. ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा. बागेतल्या रांगांमधून सायकल नेणं तर बाराही महिने नकोच. ती वाट नव्हे, कुणाचं तरी शेत आहे.

फेब्रुवारी-मार्चला हरसूलच्या बाजूला सागाची पानगळ होते. सागाचं पान सुपाएवढं, त्याखाली दगड, चाकोरी, खड्डा सगळं झाकलं जातं. पायवाटेवर वेग निम्मा करा. त्याच सुमाराला मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, धूर दिसला की वाट बदला. पावसाळ्यात यायचंच असेल तर फरशी पुलांवर शेवाळ धरतं, तिथे उतरून चाला, आणि वरून पाणी वाहत असेल तर थांबा. बिबट्याबद्दल सगळे विचारतात. आहे. अंधार पडायच्या आत गिरणारे गाठा आणि एकटे असाल तर उसाच्या कडेने रेंगाळू नका.

पाणी दीड लिटर घेऊन निघा. त्र्यंबक, हरसूल, गिरणारे इथे भरता येतं. हरसूल ते धोंडेगाव या टप्प्यात भरवसा ठेवू नका, चढही तिथेच आहे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या बाटलीत पूर्ण पुडी ओतून वर मळमळतं म्हणणारे बरेच.

गिरणाऱ्याहून परतताना गंगापूर-सावरगाव रस्त्याच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा या वायनरी आहेत. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे. टेस्टिंग करणार असाल तर तिथून शहरात सायकल टेम्पोत टाकून या. बाटली घ्यायची तर ती शेवटीच घ्या, दिवसभर उन्हात हिंदकळलेली वाइन उघडण्याजोगी राहत नाही. आणि आदल्या दिवशीची एखादी पिशवीत राहिली असेल तर ती काढून ठेवून मगच हरसूलला जा. तिथून गुजरातची हद्द जवळ आहे, आणि चुकीच्या फाट्याने पलीकडे गेलात तर तिकडे दारूबंदी आहे.