हवानात "येवाचं देऊळ दाखवतो" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका

येवा ही क्यूबातल्या सांतेरिया या आफ्रिकी मुळांच्या धर्मातली स्मशानदेवी. हवानात तिचं देऊळ नाही. शहरातल्या मोठ्या, जुन्या कोलोन दफनभूमीच्या आत नाही, बाहेर नाही, गेटपासून दहा मिनिटांवरच्या गल्लीतही नाही. गेटवर इंग्रजी बोलणारा कोणी ते दाखवायला निघाला, तर हात जोडा आणि पुढे चालू लागा. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी पुरे.

आता सविस्तर. येवा ही मूळची योरुबा लोकांची नदीदेवता. नायजेरियाच्या ओगुन राज्यात येवा नावाची नदी आजही आहे, आणि तिथल्या ज्या लोकांना पूर्वी एग्बादो म्हणत ते 1995 पासून स्वतःला येवा म्हणवतात. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या माणसांबरोबर ही देवी क्यूबात आली आणि इथे तिचं ठाणं थेट स्मशानात गेलं. कथा अशी: येवा ही ओबाताला या देवाची लाडकी, कडक ब्रह्मचर्य पाळणारी लेक. (काही पूजक घरांच्या कथेत बाप ओदुदुवा हा दुसरा देव.) चांगो या मेघगर्जनेच्या देवाने तिला भुलवलं. लाजेने तिने बापाला सांगितलं, जिथे कुणा पुरुषाची नजर पडणार नाही तिथे मला पाठव. त्याने तिला मृतांच्या राज्यात धाडलं. म्हणून स्मशानाच्या गेटवर वाऱ्याची देवी ओया, आत येवा, असं सांतेरियातले लोक सांगतात. तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, अंगचटीला जायचं नाही.

हे आधी वाचलेलं असल्यामुळेच आमची चीड जास्त. गेटवरच्या गृहस्थाने 20 युरो सांगितले, "सगळ्यांचे मिळून". तिसरा मजला, वीज गेलेली, जिना चाचपडत चढलो. पुढच्या खोलीत फडताळावर गुलाबी कापडात झाकलेलं सूपचं भांडं, शेजारी बॅटरीवरच्या स्पीकरवर ढणढण गाणी. पांढऱ्या कपड्यातल्या इसमाने माझ्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, येवाने तुला निवडलंय, शुद्धीकरण लागेल. मग 20 युरो "माणशी" झाले, शुद्धीकरणाचे वेगळे. घासाघीस आणि आरडाओरडा, तोही त्या देवीच्या पुढ्यात! आम्ही चौघं होतो. 80 देऊन सुटलो, शुद्धीकरण न करता.

ओरिशांची, म्हणजे या देवदेवतांची, भांडी खरोखरच घरात असतात, त्यात त्यांचे दगड असतात, आणि विधीची दक्षिणाही असते. पण खऱ्या घरी ओळखीशिवाय जाता येत नाही. त्यातून येवाची दीक्षा घेतलेली माणसं मुळातच कमी. ती गेटवर गिऱ्हाईक शोधत उभी राहतील का? अंगभर पांढऱ्या कपड्यातला, डोकंही झाकलेला माणूस रस्त्यात दिसला तर तो बहुधा पहिल्या वर्षातला दीक्षित असतो. त्याचा फोटो काढू नका.

दफनभूमी मात्र चुकवू नका. 57 हेक्टर, 19व्या शतकातली, सगळीकडे पांढरा संगमरवर. सावली जवळजवळ नाहीच. अकरानंतर खालूनही ऊन भाजतं, गॉगल नसेल तर डोळे उघडत नाहीत. सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा, पाणी बरोबर न्या. परदेशी माणसाला तिकीट आहे, ते खिडकीवरच काढा. 1901 मध्ये बाळंतपणात गेलेल्या अमेलिया गोयरीच्या थडग्यावर, म्हणजे 'ला मिलाग्रोसा'वर, गर्दी असते. लोक कडी वाजवून नवस बोलतात आणि पाठ न दाखवता उलट्या पावलांनी मागे सरकतात. तुम्ही पाठीमागे उभे असाल तर बाजूला व्हा, माझ्या पायावर एक आजी चढल्या. झाडांच्या बुंध्याशी गाठोडी, पिसं, नाणी पडलेली दिसली तर हात लावू नका.

पैशांचं: युरो रोख न्या, लहान नोटा. अमेरिकी बँकेचं कार्ड चालत नाही, इतरांच्या कार्डांचाही भरवसा नको. जुन्या 'सीयूसी' (परिवर्तनीय पेसो) नोटा 2021 मध्ये बंद झाल्या, तरी सुट्टे म्हणून त्या हातात टेकवणारे भेटतात. वीज कधीही जाते, विजेरी खिशात हवीच.

ओरिशा समजून घ्यायचे असतील तर प्रादो या रस्त्यावर, कॅपिटोलिओ या घुमटाच्या इमारतीजवळ, योरुबा संघटनेचं संग्रहालय आहे, तिथे माणसाच्या उंचीचे पुतळे आहेत. उघडं आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या. नाहीतर जुन्या हवानाच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या रेग्लाची बोट पकडा. समोर उतरल्यावर लगेच काळ्या मेरीचं चर्च, तिलाच लोक समुद्राची ओरिशा येमाया मानतात. तिथून पुढे ग्वानाबाकोआ ही जुनी वस्ती. या बाजूला आम्हाला कोणीही, कशासाठीही हटकलं नाही.

हवानातल्या कायेहोन दे आमेल या गल्लीत रविवारी दुपारी रुम्बा, म्हणजे ढोलांवरचं गाणं-नाच, असतो. जा, ऐका. पण "माझ्या मावशीकडे येवा आहे" हे वाक्य तिथेही ऐकू येतं, आणि दर तिथे 30 युरोंपासून सुरू होतो.