आमची वाटचाल: पाट्या रंगवण्यापासून जाहिराती लिहिण्यापर्यंत

कुडाळच्या बाजारात बाबा पाट्या रंगवायचे. दर अक्षरावर ठरायचा, त्यामुळे गिऱ्हाईक घरूनच शब्द छाटून आणायचं. मग फ्लेक्स आला. दर चौरस फुटावर गेला आणि अक्षरं फुकट झाली. फुकट म्हटल्यावर कोण सोडतो? 'शुद्ध, नैसर्गिक, अस्सल, घरगुती, पारंपरिक मालवणी मेवा' अशा माळा महामार्गावर दोन्ही बाजूंनी लटकू लागल्या. सगळ्यांच्या पाटीवर तेच पाच शब्द, मग गाडी कुठे थांबायची हे पार्किंगला जागा किती आहे त्यावर ठरायचं.

बाबांचा ब्रश थांबला तिथे माझं काम सुरू झालं. आम्ही छापत नाही, लिहून देतो: लेबलं, पत्रकं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, होमस्टेची माहिती, निवडणूक सोडून सगळं. पहिली काही वर्षं 'लिहायचे कसले पैसे?' हे ऐकण्यातच गेली. ते अजूनही ऐकू येतं.

माणसाचं मन वळवायच्या तीन वाटा ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मांडून ठेवल्या: बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना, आणि पटणारा युक्तिवाद. आमच्या टेबलावर याला विश्वास, ओढ आणि हिशेब म्हणतात. तिन्हींत विश्वास जवळजवळ सगळ्यांत प्रबळ, असं तो म्हणतो. पण पुढे एक अट घालतो. हा विश्वास बोलण्यातूनच निर्माण व्हायला हवा, आधीच्या नावलौकिकातून नव्हे. आमचा धंदा या अटीवर उभा आहे. गावात काजूवाल्याला ओळख द्यावी लागत नाही, त्याचा आजासुद्धा सगळ्यांना ठाऊक असतो. तोच काजू पुण्याच्या फ्लॅटमध्ये विकायचा म्हटलं की त्याच्याजवळ उरतात लेबलावरची चार वाक्यं.

आमच्याकडे खरं तर हे शिकायला ग्रीसला जायची गरज नाही. देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस ऐका. 'बा देवा म्हाराजा' म्हणून आधी तो स्थळाची, सीमेची, पूर्वजांची नावं घेतो, म्हणजे कोण कुणापुढे उभा आहे ते स्पष्ट होतं. मग लेकराबाळांचं नातं सांगतो. मग काय ठेवलंय आणि काय हवंय ते. दर वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मसुदा झाला की आम्ही ऑफिसात मोठ्याने वाचतो. ज्या वाक्यावर कुणाला 'व्हय म्हाराजा' म्हणवत नाही, ते वाक्य जातं. 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' दर वेळी जातं.

देवगडच्या एका बागायतदाराच्या पत्रकात होतं: 'जगप्रसिद्ध अस्सल हापूस, एकदा खाल तर खातच राहाल!' कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकणाराही हेच छापतो. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं, आणि त्याची खूण नोंदणी केलेल्या बागायतदारालाच वापरता येते. याची नोंदणी होती, पण कागद कपाटात! आम्ही लिहिलं: 'बाग देवगड तालुक्यात. हापूसच्या मानांकनाचे नोंदणीकृत उत्पादक. कार्बाइड नाही, गवताच्या आढीत पिकतो. पेटी आल्या आल्या कापू नका, देठाजवळ वास सुटेपर्यंत थांबा. एखादं फळ आत काळं निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ.' त्यांना शेवटचं वाक्य खटकलं. 'आपणच खराब निघेल म्हणून सांगायचं?' मी म्हटलं, दादा, आंबा घेणाऱ्याला हे माहीत असतंच, आता तुम्हालाही माहीत आहे एवढं त्याला कळेल. पुढच्या हंगामात ते वाक्य त्यांनीच ठळक करायला सांगितलं.

हिशेबाच्या वाटेवर कायदाही उभा असतो. कोकमच्या आगळाच्या, म्हणजे मीठ घातलेल्या घट्ट रसाच्या बाटलीवर 'मधुमेह आणि लठ्ठपणावर रामबाण' लिहून द्या, अशी मागणी दर उन्हाळ्यात येते. 1954 चा औषधी व जादूई उपायांच्या जाहिरातींचा कायदा या दोन्ही आजारांची नावं घेऊन असल्या जाहिराती बंद करतो. अन्नपदार्थांच्या दाव्यांचे 2018 चे नियम तर 'शुद्ध', 'अस्सल', 'पारंपरिक' या शब्दांनाही अटी घालतात, म्हणजे महामार्गावरची अर्धी माळ तिथेच तुटते. आम्ही त्या बाटलीवर लिहितो: 'आगळात मीठ आहे. सोलकढीत वरून मीठ घालण्याआधी चव बघा.' ज्याची कढी एकदा खारट झाली आहे तो हे वाचून लगेच ओळखतो, की बाटली भरणारा स्वतः कढी करणारा आहे.

ओढीची वाट मात्र निसरडी. चतुर्थीआधी बंद घरं उघडून साफ करून देणारा एक तरुण आला. त्याला हवं होतं: 'आई-वडिलांचं घर ओस पडलंय, लाज वाटत नाही?' चाकरमान्याला हे लागलं असतं, फोनही आले असते. मी लिहिलं नाही. मुंबईत दीड खोलीत राहणाऱ्याला आधीच ते बोचत असतं, त्यावर बोट ठेवून पैसे काढायचे नाहीत हे आमच्याकडे ठरलेलं आहे. मजकूर झाला तो असा: 'अंगणातलं रान काढून, शेवाळ खरवडून, गळणारी कौलं बदलून, गणपतीच्या माटवीखालची भिंत रंगवून ठेवतो. किल्ली कोणाकडे आहे तेवढं कळवा. तुम्ही गणपती घेऊन या.' खाली, विचारून, ज्या वाड्यांत त्याने काम केलं त्यांची नावं. किल्लीचं वाक्य माझं नाही, त्याच्या आईचं.

'शेवटच्या 10 पेट्या, त्वरा करा' हेही आम्ही तेव्हाच लिहितो, जेव्हा पेट्या खरंच दहा असतात. 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरच्या मार्गदर्शक सूचनांत असल्या आमिषावर बोट ठेवलंय, पण त्या वाचायची वेळ येण्याआधीच गिऱ्हाईक हुशार झालं. आठवडाभर 'शेवटच्या' पेट्या विकणाऱ्याचा नंबर लोक म्यूट करतात.

सध्या हातात एका बचत गटाचं लेबल आहे, फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचं. घटकांच्या यादीत खोबरेल तेल लिहावंच लागतं, त्यात वाद नाही. वाद आहे तो समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहायचं की नाही यावर. गटातल्या काकी म्हणतात, 'घाटावरची माणसां खोबरेल वाचून पाकीट खाली ठेवतली.' मी म्हणते, ज्याला खोबरेलातले गरे हवेत तो ते वाचूनच पाकीट उचलेल. दोन्ही नमुने काढलेत, सावंतवाडीच्या एका दुकानात शेजारी शेजारी ठेवलेत. छापखान्याला अजून हो म्हटलेलं नाही.