लूप म्हणजे किती वेळा?

दलित पँथर या दलित तरुणांच्या लढाऊ संघटनेवरचं आमचं तीन पडद्यांचं व्हिडिओ-प्रदर्शन लागलं, लोक येऊन बघून गेले, पडदे उतरवूनही झाले. त्यातलं जुनं चित्रण वापरायच्या परवान्याच्या फॉर्मचा राग मात्र अजून गेलेला नाही. जुनं चित्रण घेऊन कुणी गॅलरीत काही लावणार असेल तर निदान त्याच्या तरी कामी येईल म्हणून लिहितोय.

१५ ऑगस्ट १९७२ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. दिल्लीत मध्यरात्री संसदेचा सोहळा झाला. त्याच वेळी मुंबईत, जेमतेम मे महिन्यात स्थापन झालेल्या पँथरनं ‘काळा स्वातंत्र्यदिन’ पाळला. आम्हाला हे शेजारी शेजारी लावायचं होतं. डाव्या पडद्यावर सोहळ्याचं वृत्तचित्र, मधल्या पडद्यावर त्या वेळच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती, उजवीकडे पत्रकं आणि १९७४च्या वरळी दंगलीची कात्रणं. पँथरचे भागवत जाधव ज्या मोर्चात मारले गेले, त्या १० जानेवारीच्या मोर्चाचीही. मुलाखती द्यायला लोक तासन्‌तास बसले. गॅलरीनं विषय ऐकून लगेच होकार दिला. अडलं ते डाव्या पडद्यावर, जिथं बंडाचा मागमूस नाही अशा झेंड्यापताकांच्या दोनेक मिनिटांवर.

मित्र सांगतात, ‘इतकं जुनं आहे, कोण विचारतंय?’ ऐकू नका. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९७२चं चित्रण २०३२ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे.

ते ज्या संग्रहाकडे होतं त्याचं नाव घेत नाही. फॉर्ममध्ये ‘वापराचा प्रकार’ असा रकाना होता. पर्याय: चित्रपट, दूरचित्रवाणी, इंटरनेट, शिक्षण, कंपनीचा समारंभ. गॅलरी नाही. ‘इतर’सुद्धा नाही. फोन केला तर म्हणाले, जवळचं काय ते निवडा. ‘शिक्षण’ निवडलं, तर कॉलेजचं पत्र मागितलं. ‘चित्रपट’ निवडलं, तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र.

पुढचा रकाना, किती वेळा दाखवणार?

‘लूप आहे, संपलं की आपोआप पुन्हा पहिल्यापासून,’ मी म्हणालो.

‘हो, पण लूप म्हणजे किती वेळा?’

बारा मिनिटांचा लूप, गॅलरी आठ तास उघडी. पलीकडून कॅल्क्युलेटरची बटणं ऐकू आली. ‘दिवसाला चाळीस. पडदे तीन लिहिलेत, म्हणजे एकशेवीस.’ तुमचं चित्रण एकाच पडद्यावर आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. ‘पण फॉर्मवर तीन आहेत ना सर.’ दर सेकंदाचा, त्याला रोजचे एकशेवीस खेळ, त्याला महिनाभर. जो आकडा आला तो मी गॅलरीवाल्यांना सांगितलाच नाही.

मग संहितेच्या तीन प्रती मागितल्या. असल्या कामाला संहिता कुठली? तरी पडद्यावर काय दिसतं ते ओळीनं लिहून दिलं. त्यात एके ठिकाणी ‘००:४० ते ०२:१०, कुणी बोलत नाही’ असं होतं. कागद परत आला तेव्हा शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘का?’

एवढ्यावर भागलं नाही. सारांशात ‘दंगल’ आणि ‘लढाऊ’ हे शब्द दिसल्याबरोबर फाइल विधी विभागाकडे गेली आणि तिथं मुक्कामाला राहिली. मी कळवलं, तुमच्या चित्रणात दंगल नाही, झेंडावंदन आहे. उत्तर आलं, ‘मग ते दंगलीच्या शेजारी का लावत आहात?’ तेव्हा डोकं फिरलं होतं. आता वाटतं, आमच्या कामावर इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. प्रेक्षकांनी तर नाहीच.

सुटका केली ती त्याच कार्यालयातल्या एका जुन्या बाईंनी. त्यांना फॉर्म वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, वेळा कशाला लिहिताय? तारखा लिहा. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, एकाच जागी, सलग, अव्यावसायिक. आणि प्रवेश मोफत असल्याचं गॅलरीचं पत्र जोडा.’ तसं केलं. एकशेवीस खेळांचं एक ‘सलग प्रदर्शन’ झालं आणि आकडा आवाक्यात आला. बाईंचं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या.

टाइमकोड, म्हणजे तुकडा कुठून कुठवर हवा ते मिनिट-सेकंद, देताना मूळ रिळावरचा द्या, तुमच्या संकलनातला नको, नाहीतर भलताच तुकडा हातात येतो. वॉटरमार्कवाली, म्हणजे चित्रावर संग्रहाची खूण उमटवलेली, प्रत आधी मागता येते, पैसे नंतर. आणि फ्रेमचा वेग लेखी ठरवा. जुनी फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची. आम्हाला फाइल आली २५ची, त्यामुळे जवान जरा जास्तच लगबगीनं चालत होते आणि बँडचा सूर चढला होता.

तो बँड शेवटी ऐकवलाच नाही. मुलाखत देणाऱ्यांची संमतीपत्रं घेण्याआधी त्यांना तिन्ही पडदे एकत्र चालवून दाखवा, एकटी मुलाखत नको. आमच्या एका काकांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘ह्यांचा सोहळा तेव्हाही आमच्यापेक्षा मोठ्यानं वाजत होता. आता तरी आवाज काढा त्याचा.’ काढला. त्यानं गॅलरीतला आवाजांचा गोंधळही मिटला. उघडा स्पीकर एकाच पडद्याला ठेवावा असं माझं मत झालंय, आणि बसायला बाक हवाच. उभं राहून बारा मिनिटं कुणी बघत नाही.

परवान्याचं पत्र आणि बिल ही दोन वेगळी कागदपत्रं असतात, दोन्ही तपासा. पत्रावर आमचं ‘सलग, अव्यावसायिक प्रदर्शन’ व्यवस्थित आलं. बिल मात्र संगणकातून निघतं, आणि संगणकाला पाचच प्रकार माहीत. दलित पँथरवरच्या प्रदर्शनाचं आमचं बिल ‘कंपनीचा समारंभ’ या नावानं फाडलंय. गॅलरीच्या हिशेबनिसांनी ते मुकाट्यानं लावून घेतलं.