बातमीदाराचा नगराध्यक्ष झालो तेव्हा

उन्हाळा लागला की माझी एक बातमी ठरलेली असायची: शेवटच्या टोकाच्या वस्तीत पाणीटंचाई, नगरपालिका ढिम्म. सोळा वर्षं पत्रकारिता केली, त्यात ही बातमी किती वेळा दिली असेल!

2016 मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं. आमच्याकडचं पद आरक्षणाच्या सोडतीत खुलं निघालं आणि मी आधी दैनिकाचा राजीनामा दिला, मग अर्ज भरला. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्याकडेच मतं मागायची, हे मला पटणारं नव्हतं. मालमत्तेचं शपथपत्र, रोजच्या खर्चाचा हिशेब, घरोघर फिरणं, हे सगळं पार पडलं. निवडून आलो, पण सभागृहात बहुमत दुसऱ्या आघाडीचं. थेट निवडणुकीत असं होऊ शकतं. शिवाय 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार प्रशासनाची सूत्रं मुख्याधिकाऱ्यांकडे. इतकी वर्षं सगळं खापर मी नगराध्यक्षांवर फोडत आलो होतो, ते मनाला लागलं.

पहिल्याच महिन्यात पहाटे चारला व्हॉलमनबरोबर, म्हणजे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर, गेलो. खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून तो ओठातल्या ओठात फेरे मोजत होता. बावीस झाल्यावर थांबला आणि म्हणाला, "दादा, टाकीत पाणी आहे की. वरच्या गल्लीत नळाला मोटारी लागल्या की खालची धार तुटते." मी टंचाई टंचाई लिहीत राहिलो, आणि या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

खालच्या वस्तीला स्वतंत्र लाइन हवी होती. अंदाजपत्रक झालं. तांत्रिक मान्यतेसाठी गेलेली फाइल एका नकाशावाचून पडून राहिली. मी जुनी वही काढली: फाइल कोणाच्या टेबलावर, कधीपासून, शेरा काय. दर सोमवारी जाऊन तेवढंच विचारायचो. आवाज चढवला नाही. नकाशा लागला, मान्यता आली.

सभेत मात्र विषय दोनदा तहकूब झाला. तिसऱ्या सभेआधी मी दोन रात्री जुनी इतिवृत्तं वाचत बसलो. विरोध करणाऱ्यांपैकी तिघांनी पूर्वी याच वस्तीसाठी पाणी मागितलं होतं. त्यांची ती भाषणं मी सभागृहात तारखेसह वाचून दाखवली, टीका म्हणून नव्हे, त्यांची मागणी पूर्ण होतेय म्हणून. ठराव मतदानाशिवाय मंजूर झाला. मग निविदा, कार्यादेश. त्या पहाटेपासून खालच्या नळाला धार लागेपर्यंत चौदा महिने गेले.

पंधरवड्यात माझ्याच जुन्या दैनिकात फोटोसह बातमी आली: लाइनसाठी खोदलेला रस्ता तसाच. बातमी खरी होती. "संपादकांना फोन लावा," असं चौघांनी सुचवलं. मी त्या तरुण बातमीदाराला फोन लावला, रस्तादुरुस्तीच्या अंदाजपत्रकाची प्रत त्याच्या हातात दिली आणि फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे तेही सांगितलं.